अर्धेच मागणारी सशीण

बांबूच्या एका जंगलाच्या पार टोकाला, जिथे इतर प्राणी सहसा फिरकत नसत, तिथे एक सशीण राहत असे. सोबतीला तिचे एकच पिल्लू. मुलांनो, ती इतकी भित्री होती की वाळके पान पडले तरी दचकायची. एका सकाळी पिल्लू खोल खड्ड्यात पडले. खाली उतरायला वाट नाही आणि हाक मारावी तर आसपास कुणी नाही.

त्या जंगलाचा राखणदार होता एक म्हातारा हत्ती. सशीण धापा टाकत त्याच्यापर्यंत पोहोचली खरी, पण समोर उभी राहताच तिला वाटले, एवढ्या मोठ्याला आपण कसला त्रास द्यायचा? ती पुटपुटली, "थोडं कोवळं गवत मिळेल का?"

हत्तीने गवताची जुडी पुढे ठेवली. "आणखी काही?"

"नको, नको, एवढं पुष्कळ झालं," म्हणत ती पळालीच.

तिने गवत खड्ड्यात टाकले. खालून पिल्लू म्हणाले, "आई, भूक नाही मला. मला वर घे ना."

सशीण पुन्हा धावली, तर हत्ती जागेवर नव्हता. मग ती खड्ड्यापाशी परत आली आणि बांबूंकडे तोंड करून जन्मात पहिल्यांदा मोठ्याने ओरडली, "हत्तीआजोबा, माझं पिल्लू खड्ड्यात पडलंय. त्याला बाहेर काढा."

उत्तर आले नाही. नुसते बांबू करकरत राहिले.

वरून कावळा म्हणाला, "सशीणबाई, त्यांच्यामागे अख्खं जंगल आहे. तुमचं एवढंसं पिल्लू त्यांच्या कुठे ध्यानात राहणार? घसा तेवढा बसेल."

खरेच असेल, तिला वाटले. तरी ती ओरडत राहिली. घसा बसला, तरीही.

दुपार कलली आणि बांबू बाजूला सारत हत्ती आला. "पहिल्या हाकेलाच निघालो, पोरी. या दाटीत वाट दिसत नाही. तुझ्या आवाजामागून आलो."

त्याने सोंड खाली सोडली. पिल्लू वर येऊन आईला बिलगले. "आई, मला सगळं ऐकू येत होतं," ते म्हणाले. "म्हणून मी रडलो नाही."

तात्पर्य : स्वर्गातल्या आपल्या पित्याकडे भीत भीत अर्धेच मागू नये, मनातले सारे धीटपणे मागावे, आणि उत्तर ऐकू आले नाही तरी प्रार्थना सोडू नये.