राजवेशीची तीट

फार वर्षांपूर्वी, सोनखडक ही राजधानी नांदती होती, तेव्हाची ही गोष्ट. नावात सोनं, पण गावात औषधालाही नव्हतं. होता तो सगळा काळा दगड. काळे वाडे, काळी देवळं, काळ्या पायऱ्यांच्या बारवा आणि सगळ्यांच्या पुढे राजवेस. तिच्यावर हात पोचेल एवढ्या उंचीला कोरलेल्या सिंहाच्या आयाळीतला केस न् केस वेगळा दिसायचा, असं म्हणतात.

ती वेस घडवली उंबरखेडीच्या रायाजी पाथरवटानं. त्याची बायको सगुणा, तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन, नवऱ्याचं काम बघायला पहिल्यांदाच राजधानीत आली. कमानी बघता बघता बिचारीच्या मानेला रग लागली. पण वेशीपाशी पोचली आणि थबकली. बाजाराचा दिवस, भर दुपार, आणि वेशीखाली चिटपाखरू नव्हतं. माणसं लांब उभी होती, माना खाली घालून.

दही विकणाऱ्या एका म्हातारीनं तिचा पदर ओढला.

"वर बघू नगंस, पोरी. आन् चांगली हाय, असं तर मुळीच म्हनू नगंस. ज्यानं वाखाणली त्यो कमानीखाली गेला, आन् तितंच पडला. येस जीव मागतीया. राजानं देवाला कौल लावला. ज्यानं घडवली त्यालाच आज भिंतीत चिणनार हाईत."

सगुणेनं वळून पाहिलं. कमानीखाली, भिंतीत माणूसभर उंचीचा कोनाडा उघडा ठेवला होता आणि शेजारी रायाजी, हात बांधलेला. शिपाई भिऊन कमानीबाहेरच उभे होते. ती धावत सुटली. बाहेर ऊन भाजत होतं आणि कमानीखाली दातखीळ बसेल असा गारठा.

पाथरवटांची एक रीत होती. काम कितीही देखणं होवो, एक कोपरा ओबडधोबड सोडायचा, त्याला छिन्नी लावायची नाही. ती दगडाची तीट. बाळाला दृष्ट लागते तशी दगडालाही लागते, आणि दृष्ट लागलेला दगड माणसाच्या जिवावर उठतो, असं म्हणतात.

"अवं, तीट कुटं ठिवली?" सगुणेनं विचारलं.

"न्हाई ठिवली," रायाजी खाली बघत म्हणाला. "राजा म्हनला, माझ्या येशीत खोट नगं. म्या भ्यालो, सगुणा. सगळं घासून गुळगुळीत केलं."

सगुणेनं लेकीच्या गालावरची तीट बोटानं पुसली आणि सिंहाच्या गालाला लावली. पण त्या गुळगुळीत दगडावर काजळ ठरेना. अळवावरच्या पाण्यासारखं ओघळून गेलं. डोक्यावर कमान करकरली. खाली माती झडली.

चिणायला आणलेली हत्यारं तिथंच पडली होती. राजाच्या दगडाचा टवका उडवणाऱ्याला कडेलोट, हे तिला ठाऊक होतं. तिनं लेकीला रायाजीच्या पायांशी ठेवलं आणि छिन्नी-हातोडा उचलला. पहिला घाव हुकला. दुसऱ्या घावाला सिंहाच्या गालाचा टवका उडाला.

वेशीनं मोठा नि:श्वास सोडला, असं म्हणतात. गारठा ओसरला. चिमण्या कमानीत शिरल्या.

समोरच्या वाड्याच्या सज्ज्यातून बघणाऱ्या राजाला मात्र तेवढा टवकाच दिसला. "धरा तिला!" तो ओरडला. दोन्हीकडून भाले आले. सगुणा मागं सरकत सरकत कोनाड्यात गेली. तिथून तिनं लेकीकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि दगडाला दगड मिटला. सांधासुद्धा दिसेना. दगडानं तिला पोटात घेतलं, पण राजाच्या हाती दिलं नाही.

शिपायांच्या हातचे भाले गळून पडले. रायाजीला कुणी बोट लावलं नाही. तो लेकीला उराशी धरून उंबरखेडीला गेला.

पुढं सोनखडक उजाड झालं. वाडे पडले, बारवा बुजल्या. वेस तेवढी उभी आहे. लांबलांबून लोक ती बघायला येतात, पण मान वर करण्याआधी सिंहाच्या गालावरच्या खळग्यात काजळ भरतात. तिथं काजळ ठरतं. ऐन थंडीतही तो दगड हाताला उबदार लागतो. उंबरखेडीच्या बाया मग बोटावर उरलेलं काजळ कडेवरच्या लेकराच्या गालाला लावतात.

वेशीतल्या आईनं लावलं, असं म्हणतात.