मागायची लाज

"पण माय, आता आणखी द्यायचं तरी काय राहिलं?" अच्युत मुणगेकर विचारत होता.

कुडाळपासून जरा आत, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसा मठ होता. माय तिथे एकट्याच राहत. वय सत्तरीपुढचं, बोलणं मोजकं. अच्युत वीस वर्षांपासून त्यांचा शिष्य. त्याचा काजूचा कारखाना होता, साठ बायका कामाला.

"मजुरी वाढवली. दिवाळीला साडी दिली. पुण्याहून व्याख्याते आणले. त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला. तळाला भूक-तहान, वर मान, सगळ्यात वर कामातला आनंद. मी थेट मानापासूनच सुरुवात केली. दर महिन्याला एकीचा फोटो भिंतीवर लावतो. खालचं काय, ते सगळ्यांना मिळतंच."

"मग?"

"तरी कामात जीव नाही. दुपारनंतर हात जड होतात. चांगल्या चांगल्या सोडून चालल्या."

मायनी ताकाचा गडू पुढे केला. गुरूच्या हातचं, नको म्हणायचं नसतं. अच्युतने तो रिकामा केला. मायनी पुन्हा भरला.

"पार्वती कोरगावकर तुझ्याकडेच होती ना?"

"चौदा वर्षं. काजूची साल काढण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नाही. पहिला फोटो तिचाच लावला." त्याने गडू खाली ठेवला. "गेल्या महिन्यात गेली. मूत्रपिंडं निकामी झाली म्हणे. एकेकाचं नशीब..."

ताक संपलं तसं पाणी आलं. अच्युत पीत होता आणि बोलत होता. सूर्य कलला. तो मांडी बदलू लागला, मग पुन्हा बदलली.

"जरा येतो, माय."

"कुठे?"

"मागे."

"मागे काय आहे?"

ओसरीवर गावातल्या दोन बायका पूजेची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. अच्युतच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"जाऊन येतो..."

"काय म्हणून?"

पन्नाशीचा माणूस. बाजारातून चालला तर लोक उठून उभे राहत. त्याने मान खाली घातली आणि शेवटी तो शब्द तोंडातून काढला.

"लघवीला."

"आल्या आल्या गेला होतास ना?"

"नाही, माय."

"बरं. लवकर ये."

परत आला तो धुमसतच. "चार माणसांत अशी लाज काढलीत माझी. माझं चुकलं तरी काय?"

"तुझ्या कारखान्यातल्या संडासाची किल्ली कुणाकडे असते?"

"बाबल मुकादमाकडे. कामाच्या वेळी कुणी उगाच उठून..."

वाक्य अर्धंच राहिलं.

"पार्वती रविवारची इथे यायची," माय म्हणाल्या. "पाणी दिलं की तांब्यामागून तांब्या प्यायची. एकदा मी विचारलं, कामावर पीत नाहीस काय गो? म्हणाली, प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं तर मागावं लागतं."

अच्युत भिंतीला टेकला. फुलं निवडणाऱ्या बायका कधी उठून गेल्या, त्याला कळलं नाही.

"मला कुणी सांगितलं नाही, माय."

"विचारलंस?"

"विचारलं होतं. कागद छापून घेतले होते. काही अडचण असल्यास लिहा, म्हणून. साठही जणींनी 'नाही' लिहिलं."

"कागद गोळा कुणी केले?"

अच्युत समोरचा गडू उगाच सरकवू लागला.

"कुणी केले, अच्युता?"

"बाबलने."

बाहेर वारा पडला होता. अच्युतचे डोळे भरून आले. त्याने ते पालथ्या हाताने पुसले आणि एकदम ताठ होऊन बसला. काहीतरी करता येण्यासारखं त्याला सापडलं होतं.

"उद्याच कुलूप काढतो, माय. बायकांसाठी चार नवे संडास बांधतो, टाइल्स लावून. वर मोठी पाटी लावतो, पार्वती कोरगावकर. येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल अशी."

मायनी डोळे मिटले.

"कुलूप काढ," त्या म्हणाल्या. "नाव नको घालू रे. ती लाजायची."