टिटवीच्या दारची सुनावणी

फार मागे, पाखरांचा कारभार पाखरंच बघत तेव्हा, एका तळ्यावर दूरदेशीची बदकं उतरत. थवे वाढले, तशी त्यांनी उतरायला आणखी काठ मागितला. करकोचा पंच. त्यानं लांब टेकडीवर सुनावणी ठेवली.

मागितलेल्या काठावरच टिटवीचं घरटं होतं. ती म्हणाली, "पंच, तो गलका मला सोसायचा नाही."

"अगंबाई! रानाची झोप मोडणारी तू, आणि तुला आवाजाचा त्रास?" बदकांचा मुकादम हसला.

"मी ओरडते ते घार आली की. पिल्लांना तेच ऐकू गेलं नाही, तर ती लपणार कशी? सुनावणी माझ्या दारात घ्या."

आम्ही कापडवाले सांगतो, लुगडं दुकानातल्या दिव्याखाली नव्हे, उन्हात धरून पाहावं. करकोच्यालाही ते पटलं.

संध्याकाळी सगळे टिटवीच्या दारी जमले. काठ अगदी शांत होता, गलका कुठंच नव्हता. करकोच्यानं निकाल दिला, "काठ बदकांना!" नेमका तेव्हाच बदकांचा थवा कलकलाट करत उतरला.

"काय म्हणालात?" शेजारीच बसलेल्या मुकादमानं विचारलं. करकोचा पुन्हा ओरडला.

"अं? मोठ्यानं बोला की, पंच!"

करकोच्यानं उघड्यावर खेळणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं. गलका थांबल्यावर तो म्हणाला, "ऐकू आलं नाही ते बरंच झालं. हा काठ टिटवीचाच. पलीकडचा हवा असेल, तर चला, आधी तिथं उभं राहून ऐकू."