बियाण्याचे टोपले

एका राज्यात एक काळे तळे होते आणि त्या तळ्याच्या जिवावर सारे राज्य जगत होते. तळ्यात शिंगाड्याची वेल होती. पाने पाण्यावर पसरत, देठ खोल चिखलात उतरत, आणि पानांखाली दोन-दोन शिंगांची फळे धरत. कोवळी फळे लोक सोलून तशीच खात, जून झाली की उकडत, उरलेली वाळवून दळत. त्या पिठाची लापशी बाळंतिणीला, भाकरी उपवासाला, पेज तापकऱ्याला. निघालेली वेल गुरांपुढे पडे. दुष्काळ त्या राज्यात यायचा, तळ्याकाठी जरा बसायचा आणि हात हलवत परत जायचा.

मात्र एक रीत होती. हंगाम सरला की टपोऱ्या काळ्या फळांचे एक टोपले तळ्यात राबणारे भोई लोक परत तळ्यात ओतत. ते बियाण्याचे टोपले. त्याला राजाचाही हात लागत नसे.

राजा भद्रसेन मनाने वाईट नव्हता, पण पाहुणे दिसले की त्याची मान जरा जास्तच ताठ होई. एका वर्षी परराज्यांचे राजे मेजवानीला आले आणि नेमकी ती एकादशी निघाली. शिंगाड्याच्या शिऱ्याची पातेली खरवडून झाली, कोठारातले पीठ संपले, तरी एका पाहुण्याने ताट पुढे केले. राजाने भोयांचा नाईक केरबा याला बोलावले.

"टोपले आण."

"म्हाराज, ते तळ्याचं हाय," केरबा म्हणाला. "आजवर कुनी खाल्लं न्हाई."

"तळे माझे आहे."

राजा बोले, दल हाले. फळे फोडली, कुटली, तुपात परतली. पहिला घास राजाने स्वतः घेतला. तोच तळ्याच्या तळातून आवाज आला. तिथे एक जळजोगी राहत असे. त्याला कुणी कधी पाहिले नव्हते, पण त्या दिवशी साऱ्या पंगतीने ऐकले.

"बियाणे खाल्लेस. आता तूच बियाणे हो."

दुसऱ्या दिवसापासून तळ्यावरची पाने एकेक करून बुडू लागली, कुणी खालून ओढावीत तशी. आणि राजाच्या पायांना पांढरे तंतू फुटले. ती मुळे होती. वैद्याने एक कापले, तेव्हा त्यातून रक्त आले. कपाळावर दोन टेंगळे आली आणि रोज टोकदार होऊ लागली. राजा घंगाळात बसून राही. बाहेर काढले की कासावीस होई. आधी तो घाबरून रडत असे. मग रडायचे थांबला, आणि राणीला खरी भीती वाटली ती तेव्हा. कारण आता तो हसून म्हणे, "मला तळ्यात न्या. खाली किती थंड आहे."

राणीचे नाव चित्रावळ. तिची एकुलती लेक बोबडे बोलू लागली होती तेवढ्यात तापाने गेली होती. आता नवराही डोळ्यांदेखत माणसातून जात होता. ती खिडकीशी उभी असता एक कमळपक्षी येऊन बसला. हा पक्षी लांब बोटांनी पाण्यावरच्या पानांवर चालतो. पानेच उरली नाहीत, तेव्हा तो बिचारा राजवाड्याच्या आश्रयाला आला.

"राणी," पक्षी म्हणाला, "तळ्याला बियाणे दे, शाप सुटेल."

"कुठे मिळेल?"

"करपवनापलीकडे आसरेचे, माणसे बुडवणाऱ्या जलदेवतेचे, तळे आहे. पाण्यात हात घाल. मऊ लागेल ते सोड, बोचेल ते घे. हे पहिले काम. बी ओले ठेवून आण. शिंगाड्याचे बी वाळले की मेले. हे दुसरे."

"आणि तिसरे?"

"तळ्याच्या तळाशी जाऊन ते पायाच्या अंगठ्याने चिखलात रोव, भोयांच्या बायका रोवतात तसे. राजाची मुळे चिखलात धरण्याआधी रोव. आणि आधी बी. राजाकडे वळलीस तर दोघेही गेलात."

राणीने कळशी घेतली. केरबाला म्हणाली, "नाईक, मी येईपर्यंत महाराजांच्या दालनाचे दार उघडू नका. महाराज काहीही म्हणोत."

आसरेच्या तळ्यावर वारा नव्हता आणि बेडूकही ओरडत नव्हते. पाने होती, एकाला एक लागून, आणि पानांखाली बुडालेली माणसे होती. राणीने डोळे मिटून हात घातला. एक मऊ हात तिच्या हातात आला. त्याच्या बोटात अंगठी होती, आणि तिच्यावरचे नक्षीकाम राणीच्या बोटांना ओळखीचे होते. ती भद्रसेनाची अंगठी होती.

"मला वर ओढ," पाण्यातून त्याचाच आवाज आला.

मऊ लागेल ते सोड. तिने सोडले. पुढे काही तरी तळहातात कचकन रुतले. तिने मूठ आवळली, कळशी फळांनी आणि पाण्याने भरली आणि मागे न बघता निघाली. मागून कुणी तरी बाई बारीक हसत होती.

आता परतीच्या वाटेवर करपवन. तिथली जमीन पाणी पिते. पाऊल टाकले तरी पावलाची ओल ओढून घेते. कळशी डोक्यावर होती, तरी पाणी उतरत गेले. राणीने स्वतः थेंब घेतला नाही. तिची जीभ टाळूला चिकटली. कळशीतली फळे एकेक करून कोरडी पडली आणि आत खुळखुळू लागली. शेवटी तळाशी एकच ओले फळ उरले आणि पाण्याचा एक घोट.

तेव्हा हाक आली.

"आई, पाणी."

आवाज बोबडा होता. राणीचे पाय जमिनीला खिळले.

"आई, तहान लागली. आई, तू बोलत का नाहीस?"

ती लेक नाही, हे राणीला ठाऊक होते. ठाऊक असून काय उपयोग? आईचा जीव तो. तिचे हात कळशी खाली ठेवायला आपोआप वाकले. मग तिने तो घोट तोंडात घेतला आणि ते फळही तोंडात धरले. शिंगे दोन्ही गालांत रुतली. तोंड मिटले ते मिटले. आता तिला पाणी पाजता येईना आणि ओही देता येईना. आवाज पदराला धरून चालत राहिला. कधी रुसला, कधी रडला, शेवटी नुसते हुंदके देऊ लागला. राणीच्या गळ्यात रक्त उतरत होते. करपवनाच्या कडेला आवाज थांबला, आणि तो थांबला याचेच तिला सगळ्यात वाईट वाटले.

राज्यात पोचली तेव्हा ऊन कलले होते. केरबा राजवाड्याच्या पायरीवर डोके धरून बसला होता.

"दार न्हाई उघडलं, राणीसाहेब," तो म्हणाला. "घंगाळ फुटलं. उंबऱ्याखालून पानी गेलं आन् पान्यासंगट म्हाराज गेले. एवढ्याशा फटीतनं मानूस कसा जातो, ते इचारू नका."

राणीने तळ्यात उडी घेतली.

खाली हिरवा अंधार होता. त्या अंधारात राजा उभा होता. कपाळीची शिंगे पूर्ण वाढली होती, अंग काळेभोर झाले होते, पायांची मुळे चिखलावर लोळत होती आणि त्यांची टोके आत शिरू पाहत होती. त्याच्या मागे कुणी तरी फार मोठे आणि फार जुने बसले होते. त्याचा चेहरा राणीला दिसला नाही, आणि ते बरेच झाले.

राजाने तिला ओळखले. इतक्या दिवसांनी त्याच्या डोळ्यांत पुन्हा भीती आली. त्याने हात पुढे केला.

हात दोन वितींवर होता. एक मूळ चिखलात शिरले. राणीने राजाकडे पाठ केली. तोंडातले फळ पायाशी सोडले, अंगठ्याखाली धरले आणि सारा भार देऊन दाबले. काटा अंगठ्यातून आरपार गेला. मागून तिच्या केसांना बोटे लागली, घट्ट झाली, मग सैल पडली. तिने फळ आणखी खोल दाबले. तिने वळून पाहिले नाही.

तेव्हा चिखलातून देठ निघाला. तो तिच्या पायाला वेढा घालत, राजाच्या कमरेला विळखा मारत सरसर वर गेला आणि पाण्यावर जाऊन फुटला. एका पानाची शंभर पाने झाली. केरबाने आणि त्याच्या भोयांनी काठावरून वेल ओढली, तशी राणी वर आली आणि मागोमाग राजा आला. त्याची शिंगे गळून पडली होती आणि तो सामान्य माणसासारखा खोकत होता. कमळपक्षी पानांवरून चालू लागला. खालून आवाज आला, "पोचले," आणि मग तळे गप्प झाले.

त्या हंगामात पुन्हा पीठ झाले, बाळंतिणींना लापशी मिळाली, आणि टोपले राजाने स्वतः डोक्यावर घेऊन तळ्यात ओतले. परत येताना त्याने राणीला विचारले. विचारायला त्याला इतके दिवस लागले होते.

"तू पाठ फिरवलीस, तेव्हा मला वाटले, तू मला सोडलेस."

"सोडलेच होते," चित्रावळ म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती काठावर बसून रडली.

तळ्याचे भय तळाशी बसो, काठावर माणूस हसो, आणि ऐकणाऱ्याच्या घरी मूठभर बियाणे सदा उरो.