गोगलगायीची धाव

रानात माणसं नुकतीच कॅमेरे बांधू लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका ऐनाच्या झाडासमोर असाच एक कॅमेरा होता. दहा मिनिटांतून एकदा तो डोळा उघडायचा, एक फोटो काढायचा आणि पुन्हा मिटायचा.

ऐनाच्या बुंध्याशी एक गोगलगाय राहायची. पाऊस सरत आला होता. ऊन तापायच्या आत वरची ढोली गाठली नाही, तर ती वाळून मेली असती. ती चढू लागली.

"अगं, तू तर सगळ्या फोटोंत तिथल्या तिथेच दिसणार," असं म्हणत वानराने कॅमेऱ्यासमोर कोलांट्या मारल्या, दात विचकले.

"दिसू दे. मला ढोलीत जायचंय, फोटोत नाही," गोगलगाय म्हणाली आणि चढत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटोग्राफर वैजयंताबाई आल्या. झाडाखाली बसून त्यांनी सगळे फोटो सलग लावून भरभर पाहिले. वानर वरून वाकून बघत होता. छोट्या पडद्यावर गोगलगाय बुंध्यावरून धावत सुटली होती. वानराचं नुसतं शेपूट एकदा कोपऱ्यात दिसून गेलं.

"मी कुठे आहे?" त्याने कॅमेऱ्याला विचारलं.

"मी डोळा उघडला की दर वेळी तीच असायची," कॅमेरा म्हणाला.

वानराने वर पाहिलं. खोडावरची चकाकती रेघ सरळ ढोलीत शिरली होती.