मागावरचं हिरवं लुगडं

"का उकलता, वस्ताद?"

रखमाजी साळ्यांनी मान वर केली नाही. पदरावरच्या मोराचे धागे ते एकेक करून सोडवत होते. कालपर्यंत पुरा असलेला मोर आता गळ्यापर्यंत उरला होता.

"मानेत चूक आहे."

"कुठे? दाखवा तरी."

"तुला नाही दिसायची."

हैबतीने वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चूक नव्हती. मिसरूड फुटण्याआधीपासून तो या घरात राहून विणत होता, चूक कशी दिसते ते त्याला कळत होतं. पैठणात रखमाजींइतका जुना विणकर कोणी नव्हता. आणि हैबतीइतका चांगला हात दुसऱ्या कुणा तरुणाचा नव्हता. हे हैबतीला स्वतःलाच सर्वांत जास्त पटलेलं होतं.

"परवाही उकललंत."

"परवाही चूक होती."

लुगडं गोदेपलीकडच्या गढीत जायचं होतं. तिथल्या देशमुखांचा थोरला मुलगा उत्तरेच्या मोहिमेत पडला. प्रेत आलं नाही, पागोटं तेवढं आलं. त्याची बायको सगुणा, वय सोळा-सतरा. ते पागोटं मांडीवर घेऊन ती सती जाणार, असं गढीत ठरलं. कोणी ठरवलं ते कोणी सांगत नव्हतं.

सगुणेने एकच मागितलं. पैठणचं नवं हिरवं लुगडं, पदरावर मोर. ते अंगावर आल्याशिवाय चितेवर पाय ठेवणार नाही, म्हणाली. सती जाणारीचा शब्द मोडला तर घराण्याला शाप लागतो. म्हणून सगळी गढी एका लुगड्यासाठी खोळंबली होती.

हैबतीला हे माहीत होतं. ऐकलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं. मग तो मोरांचा विचार करू लागला.

गढीचे कारभारी त्रिंबकपंत अधूनमधून घोड्यावरून यायचे आणि दारातूनच विचारायचे.

"किती राहिलं?"

"अर्धा पदर," रखमाजी म्हणायचे.

"मागच्या खेपेलाही अर्धाच होता."

"रेशीम बरं नाही आलं. धागा तुटतो."

हैबती मान खाली घालून ऐकायचा. त्याच्या हातात एकही धागा तुटला नव्हता.

एकदा त्रिंबकपंतांनी त्याला बाहेर बोलावलं. घोड्याचा लगाम त्याच्या हातात दिला, जणू जुनी ओळख होती.

"काम तुझ्याच हातचं ना?"

"वस्तादांचं घर, मालक. माझं कसलं?"

"पाहिलंय मी. म्हाताऱ्याचे हात कापतात. तू विणतोस आणि तो उकलतो. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. त्या दिवशी घाटावर पंचक्रोशी लोटेल बघ. असं लुगडं कुणी पाहिलं नसेल. मी सांगेन सगळ्यांना, कुणी विणलं ते."

आत आल्यावर हैबती बराच वेळ मागाशी नुसता बसून राहिला.

त्यानंतर रखमाजींना हिवताप भरला. आतल्या खोलीत घोंगडी पांघरून ते पडले. दात वाजत होते, तरी त्यांनी हैबतीला हाक मारली.

"मी उठेपर्यंत मागावर बसू नकोस."

"का?"

"सांगतो म्हणून."

"एवढंच?"

रखमाजींनी त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले.

"एवढंच."

हैबती बाहेर आला. मागावर अर्धा मोर होता. दारातून ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं, जरीच्या तारा चमकत होत्या. आपला हात किती चालतो हे या माणसाने आपल्याला आजवर कधी बघू दिलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

धोटा चालू लागला. फणीचे ठोके पडू लागले. एक मोर झाला, त्याच्या शेजारी दुसरा झाला. इतकं चांगलं त्याने कधीच विणलं नव्हतं. हात पुढे आणि तो त्यांच्या मागे, असं चाललं होतं.

"हैबती..."

आतून हाक आली.

"हैबती... थांब."

फणीचा ठोका पडला. मग दुसरा. तो थांबला नाही.

तापातून रखमाजी बोलण्याइतके शुद्धीवर आले तोवर माग रिकामा होता. गढीचा माणूस लुगडं घेऊन गेला होता.

घाटावर खरोखरच पंचक्रोशी लोटली. झाडांवर माणसं चढली होती. त्रिंबकपंतांनी शब्द पाळला. हैबतीला पुढे, चितेच्या वाटेलगत उभं केलं. त्याच्या खांद्यावर मानाचा शेला घातला. लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते.

सगुणा आली. दोन्ही बाजूंनी बायका होत्या. हातात हिरव्या बांगड्या, मळवट भरलेला, पागोटं छातीशी धरलेलं. उन्हात लुगडं असं दिसत होतं की मागच्या गर्दीतून नुसता "अहाहा" असा आवाज उठला. हैबतीने खांद्यावरचा शेला सारखा केला.

चालता चालता ती पदर हातात घेऊन पाहत होती. उलटा करून पाहत होती, काठ बोटांत धरून चाचपत होती. पुन्हा पुन्हा, चूक शोधावी तशी.

"बघा, किती मनापासून बघतेय," एक बाई म्हणाली.

वाटेत ती थांबली. तिने आजूबाजूला पाहिलं.

"हे कुणी विणलं?"

त्रिंबकपंतांनी हैबतीला पुढे ढकललं.

"मी," तो म्हणाला. "मी विणलं, बाईसाहेब."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. थकलेल्या माणसासारखी ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"लवकर झालं," ती म्हणाली.

हैबतीने हात जोडले. त्याला ते कौतुक वाटलं.

बायकांनी तिला पुढे नेलं. मग शिंगं फुंकली गेली, ढोल सुरू झाले. चितेने पेट घेतला तसे ढोल आणखी मोठ्याने वाजू लागले. ते कशासाठी वाजवतात हे हैबतीला तेव्हा कळलं, कारण तो अगदी पुढे उभा होता. एवढ्या ढोलांतूनही त्याला ऐकू आलं.

तो घरी आला तेव्हा रखमाजी भिंतीला टेकून रिकाम्या मागासमोर बसले होते. ताप उतरला होता. हैबतीच्या खांद्यावरचा शेला त्यांनी पाहिला.

हैबती दारातच उभा राहिला.

"ती माझ्याशी बोलली."

"काय म्हणाली?"

"लवकर झालं, म्हणाली."

रखमाजींनी डोळे मिटले.

"असं का म्हणाली, वस्ताद? सांगा ना."

रखमाजी बोलले तेव्हा त्यांचा आवाज सपाट होता.

"गढीत बांगड्या भरायला जाते ती कासारीण आली होती. लुगड्याचं सांगायला आली, तेव्हाच. पोरीने तिच्याकडे निरोप दिला होता. भाऊ शिलेदार आहे, खानदेशात आहे. त्याच्याकडे माणूस धाडलाय. तो येईल, मला घेऊन जाईल. तोवर लुगडं मागावरून उतरू देऊ नका."

हैबती खाली बसला.

"मला का नाही सांगितलं?"

"तू कारभाऱ्याशी बोलत होतास."

"सांगितलं नसतं मी त्याला."

रखमाजींची नजर पुन्हा त्या शेल्यावर गेली.

"नसतं सांगितलं, वस्ताद. शपथ."

"नसतं सांगितलं असेल," रखमाजी म्हणाले. "मला भरवसा वाटला नाही. ते माझ्या माथ्यावर."

बाहेर गाय हंबरली. कुणीतरी तिला पाणी दाखवलं.

"मी थांब म्हणालो होतो," रखमाजी म्हणाले. "ऐकू आलं होतं?"

"नाही."

"..."

"आलं होतं."

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या सुमारास घोड्यांच्या टापा आल्या. रस्त्याने पुढे गेल्या नाहीत, सरळ या दारापर्यंत आल्या. एक धुळीने माखलेला तरुण उतरला. कमरेला तलवार. मागे दोन स्वार, आणि त्यांच्याबरोबर खोगीर घातलेली एक रिकामी घोडी.

"रखमाजी साळ्यांचं घर हेच ना?"

"हेच."

"मी मानाजी. सगुणेचा भाऊ." तो धापा टाकत होता, पण हसत होता. "नदीला उतार नाही, नाव मागवलीय. म्हटलं आधी इथे डोकवावं. कासारणीने निरोपात कळवलंय तुमचं. तुमचे उपकार... लुगडं अजून मागावरच आहे ना?"

त्याने आत पाहिलं.

मागावर काही नव्हतं.

रखमाजींनी हात जोडले. हात जोडूनच ते बसून राहिले. मानाजीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हैबतीकडे.

"काल," हैबती म्हणाला. "काल दुपारी."

मानाजीचा हात तलवारीवर गेला. हैबतीने मान पुढे केली. त्याला खरंच वाटलं, आता सुटलो. पण तो हात मुठीवर नुसताच राहिला, आणि मग कुणाचा तरी दुसऱ्याचाच असावा तसा खाली आला.

मानाजी मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला. त्याने पाय आत सोडले, विणकर बसतात तसे.

हैबतीने पुढे सरकून त्याच्यासमोर डोकं टेकलं.

"विणलं मी. मला थांब म्हणाले होते हे. मी विणलं. माझे हात तोडा."

मानाजीने त्या हातांकडे पाहिलंच नाही. तो समोरच्या मोकळ्या लाकडांकडे पाहत होता. त्याने बोट पुढे केलं आणि लाकडाला चिकटलेला हिरव्या रेशमाचा एक तुकडा हलकेच काढून घेतला.

"लहानपणी ती माझ्या मुंडाशाचंच लुगडं करून नेसायची," तो म्हणाला. "हिरव्या. खरं लुगडं तिला कधी..."

भिंतीवरचं ऊन वर सरकलं.

मग त्याने पहिल्यांदा हैबतीकडे तोंड वळवलं. आवाजात राग नव्हता. खरोखर कळून घ्यावं म्हणून तो विचारत होता.

"चांगलं झालं होतं का?"

हैबतीने रखमाजींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" रखमाजी म्हणाले. "तो तुला विचारतोय. सांग त्याला."