पितळेचा सातवा गडी

आपल्या पणजीच्या पणजीचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या कुशीत दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. दोन्हींच्या मध्ये सपाट जमीन म्हणावी तर एकच मैदान. रीत अशी, की दर वर्षी पोरींचा हुतुतूचा सामना व्हायचा, आणि जिंकेल त्या गावाची लेकरं वर्षभर मैदानावर खेळायची. वरचं गाव ओळीने तीन वर्षं हरलं होतं. त्यांची लेकरं दगडधोंड्यांच्या उतारावर खेळत, आणि रोज कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटे.

वरच्या गावात गोदी नावाची चपळ पोर होती. तिच्या आईचा जीव मात्र सदा टांगणीला. पोर जरा धावली की ही ओरडायची, "सांभाळ गं!"

त्या वर्षी गावात खेळणाऱ्या सहाच पोरी उरल्या. मग म्हाताऱ्या तांबटाने पितळेचा सातवा गडी घडवला. आपल्या मेंदूत असते तशी बारीक तारांची जाळी त्याने त्याच्या डोक्यात विणली. पडला की शिकायचा, चुकला की शिकायचा, अगदी लेकरासारखा. पोरींनी त्याला नाव ठेवलं पितळ्या.

हुतुतूत एका दमात 'हुतुतू' म्हणत पलीकडे शिरायचं, समोरच्यांना शिवायचं आणि दम सुटायच्या आत परत यायचं. पितळ्याला श्वासच नाही, तर दम सुटणार कसा? सरावात तो एकटाच सगळ्यांना बाद करून यायचा. पोरी आपल्या झाडाखाली बसून चिंचा खायच्या.

गोदीची आई म्हणायची, "बरं झालं बाई, आता हिला पलीकडे जायलाच नको!"

सामन्याच्या दिवशी पंच आजी पुढे आल्या. "याला दमच लागत नाही, मग तो सुटला हे मी ओळखू कसं? याने पकडीला उभं राहावं. पलीकडे जाईल तो श्वास घेणारा."

बोलणं रास्त होतं. वरच्या गावाची तोंडं उतरली.

"काय गं, चिंचा गोड होत्या का?" खालच्या पोरी खिदळल्या.

पितळ्याने पकडी छान केल्या, पोरीही धडपडत खेळल्या. शेवटी बरोबरी झाली. पलीकडे एकच पोर उरली, आणि शेवटची चढाई आली गोदीवर.

पितळ्या म्हणाला, "गोदे, तुझा दम तीस हुतुतूंचा आहे. आज तुझ्या चढायांत मी मोजलाय, परत आल्यावरही तुझा दम उरतो. तू मात्र विसाव्यालाच मागे वळतेस."

"मी? का रे?"

"तेव्हा आईची हाक येते."

जवळच उभ्या आईने ते ऐकलं.

गोदी शिरली. पंधरा, अठरा, वीस... तिचा पाय घसरला! हाक आईच्या ओठांवर आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे घट्ट मिटले. पंचवीस, सव्वीस... अठ्ठाविसाव्याला गोदीने समोरचीच्या खांद्याला बोट लावलं, आणि तिसाव्याला मधल्या रेघेवर अंग झोकून दिलं.

"शिवली! आली!" पंच आजींनी हात वर केला.

आई पदर सोडून धावली. "जिंकलीस की गं माझी बाय!" असं म्हणत तिने गोदीला उचललंच, आणि दुसऱ्या हाताने पितळ्याचा गालगुच्चा घ्यायला गेली. गाल पितळेचा, बोटंच दुखली! सगळे पोट धरून हसले.

त्याच संध्याकाळी वरच्या गावाची लेकरं मैदानावर उतरली. पुढच्या सरावापासून पितळ्याने चढाई सोडली. तो पोरींचा दम मोजायचा आणि गोदीची आई त्याच्या शेजारी उभी राहून मोठ्याने आकडे म्हणायची.

जो दुसऱ्याच्या वाट्याचं काम त्याच्याच हातून करवून घेतो, तोच खरा सोबती.